बेडूकसर आणि काकूंचा पाय

बेडूकसर टाळ्या वाजवत नसत. सभा कुणाचीही असो, वक्ता केवढाही असो, मांडव दणाणून गेलेला असो, सरांचे दोन्ही हात आपले मांडीवर पालथे. शेजारचा माणूस कोपरानं ढोसायचा, सर, वाजवा की. सर शांतपणे म्हणायचे, "उद्या सकाळी वाजवतो." नव्या माणसाला हा शिष्टपणा वाटे. आम्हा कॉलनीतल्या लोकांना मात्र त्याचं कारण पाठ होतं, आणि ते कारण म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एक बेडूक होता.

सर एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. नाशिक शहर आणि सातपूर यांच्या मधल्या आमच्या कॉलनीत, बुद्धविहाराच्या मागच्या आळीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या काळी सातपूरला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि आमच्या घराघरातून कुणी ना कुणी डबा घेऊन तिकडे जात होतं. मी मूळची इगतपुरीची, वडील रेल्वेत. टायपिंगची परीक्षा देऊन नाशिकला मावशीकडे आले आणि एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. साहेब सांगेल ते इंग्रजी मी खटाखट टाइप करायचे. त्याचा अर्थ फक्त साहेबाला ठाऊक असे, आणि खरं सांगायचं तर कधी कधी त्यालाही नसे. मावशीला हे कळल्यावर तिनं मला हाताला धरून सरांच्या वर्गात नेऊन बसवलं.

वर्ग संध्याकाळी विहारात भरायचा. फी नाही, हजेरी नाही. चपला तेवढ्या ओळीत काढायच्या, एवढी एकच शिस्त. पहिल्या पाळीचे कामगार अंघोळ करून, केसांना तेल चोपडून येत. सरांची पद्धत अशी की एका दिवशी एकच शब्द. तो फळ्यावर लिहायचा आणि वर्गाला विचारायचं, "ह्याचं गाव कोणतं?" कॉलनीत नवं बिऱ्हाड आलं की बायका जशी चौकशी करतात, गाव कोणतं, कुणापैकी, इकडे कसे आलात, तशी सर शब्दाची चौकशी करत. सोयरीकच जुळवायची आहे जणू. संध्याकाळ संपेस्तोवर त्या शब्दाचा आजा-पणजा सगळा विहारात येऊन बसलेला असे.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. काकू घोटीकडच्या, भातशेतीतल्या. बोलणं अस्सल तिकडचं, नाशकात पंचवीस वर्षं काढून त्यातला एक काना बदलला नव्हता. सरांचं कौतुक त्यांना होतं, पण ते त्या कधी सरळ करत नसत. वर्ग सुटल्यावर मी घरी डोकावले की म्हणायच्या, "शब्दाचं गाव समदं ठाऊक हाय ह्यांला. घरात मिठाचा डबा कुठं हाय, इचारून बघ." सर हसून पुस्तकात डोकं घालायचे. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांना पुरून उरत.

तर एका संध्याकाळी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'गॅल्व्हनाइज'. आमच्याच कारखान्यात जस्ताच्या भट्टीवर काम करणारा गायकवाड पुढच्या ओळीत बसला होता. तो एकदम म्हणाला, सर, हा तर आमचा शब्द, लोखंडावर जस्त चढवायचं. सर खूष झाले. मग त्यांनी पिशवीतून इंग्रजी पेपर काढला आणि एक ओळ वाचली. कुठल्या तरी पुढाऱ्याच्या भाषणानं लोक गॅल्व्हनाइज झाले होते. गायकवाड म्हणाला, म्हणजे लोकांना जस्त चढवलं? विहारात हशा पिकला. सर म्हणाले, नाही रे, म्हणजे लोक खडबडून जागे झाले, कामाला लागले. माणसाला असा झटका द्यायचा की बसलेला उठून चालू लागेल, तेही गॅल्व्हनाइज. आता एकाच शब्दात जस्तही आणि झटकाही, हे कसं? तर त्याच्या गावाला जाऊ या.

त्या गावाची गोष्ट सरांनी जी रंगवली, ती ऐकणारा जन्मात विसरला नसता. इटलीत एक डॉक्टर होता. त्यानं बेडकाच्या सोललेल्या तंगड्या पितळी आकड्यांना अडकवून घराच्या लोखंडी कठड्याला टांगल्या होत्या. आकडा लोखंडाला टेकला की मेलेली तंगडी लाथ झाडायची. डॉक्टर म्हणाला, वीज बेडकात आहे. दुसरा एक शास्त्रज्ञ म्हणाला, बेडकात काही नाही, दोन धातू एकमेकांना टेकले त्यात आहे. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि डॉक्टरच्या आडनावाचाच शब्द झाला. आधी त्याचा अर्थ नुसता विजेचा झटका देणं. पुढे लोक माणसांनाही झटके देऊ लागले, भाषणांचे. आणि लोखंडावर जस्त चढवलं की त्या दोन धातूंतही तसाच काही विजेचा खेळ चालतो, त्यानं लोखंड गंजत नाही, म्हणून तेही नाव तिकडे गेलं. हे सगळं सांगताना सरांनी आपला डावा हात खांद्यापासून लोंबता सोडला होता आणि दर वाक्याला तो ताडकन झाडत होते. पन्नाशीचा गृहस्थ, सदऱ्याला खडू लागलेला, आणि हात असा उडतोय. त्याच संध्याकाळी विहाराच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांचं नाव बेडूकसर पडलं. ते त्यांना कळलं आणि आवडलं.

शेवटी त्यांनी जे सांगितलं ते पुढे आम्हाला इतक्या वेळा ऐकावं लागलं की मावशीसुद्धा म्हणून दाखवायची: "तंगडी हलली म्हणजे बेडूक उठला असं नाही."

हे वाक्य त्यांनी कुठं लावलं नाही? एकदा मैदानावर एक मोठे वक्ते आले. बोलणं म्हणजे नुसता धबधबा. त्यांनी विहाराजवळच्या तुंबलेल्या गटारीवर असं काही बोलून घेतलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळी प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन येईल, येईल ना? हजार हात वर. सरांचे दोन मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी सर फावडं-घमेलं घेऊन गटारीवर हजर. आणखी कोण आलं? गायकवाड आला, तोही सर एकटे काय करतायत ते बघायला. सरांनी कुणाला हाक मारली नाही, कुणाच्या दारात गेले नाहीत. दर रविवारी सकाळी येऊन थोडी थोडी गटार उपसत राहिले. लाजेकाजेनं एकेक जण वाढत गेला आणि पावसाच्या तोंडावर पाणी वाहतं झालं. सरांचा झटक्यावर विश्वास नव्हता, रोजच्यावर होता. मलाही ते कधी अभ्यास कर म्हणाले नाहीत. मी चार दिवस गेले नाही तर पाचव्या दिवशी वाटेत गाठून फक्त वर्गात चाललेला शब्द सांगायचे, रागावणं नाही की विचारणं नाही. मी मुकाट्यानं जाऊन बसायचे.

इथवर सगळं गोड आहे. आता पुढचं सांगते.

एका पावसाळ्यात काकू सकाळी मोरीत पडल्या. उजवी बाजू गेली. सरकारी दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला, वाचा परत आली, हातही बराचसा हलू लागला. पण उजवा पाय लाकडासारखा. पंजा खाली लोंबलेला, वर म्हणून येईना. काकू म्हणजे उभ्या कामाच्या बाई. बसून भाजी निवडणं त्यांना आळशीपणा वाटे. त्या खाटेवर पडून छताकडे बघत राहायच्या आणि आम्ही गेलो की म्हणायच्या, पाय धुवायला टाकलाय, वाळला की आणतील. हसवायच्या आणि मग भिंतीकडे तोंड करायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं की दवाखान्यात व्यायामाचा विभाग आहे, तिथं शेख मॅडम म्हणून आहेत, रोज आणा, व्यायाम करून घेतील आणि पायाला करंट लावतील. करंट म्हटल्याबरोबर सरांचे कान उभे राहिले. कसला करंट? विजेचा, डॉक्टर म्हणाले, हलका झटका बसतो, स्नायू हलतो. झालं. सरांनी तिथंच, बाहेर पेशंटांची रांग लागलेली असताना, डॉक्टरांना इटलीतला बेडूक ऐकवला. हलेल हो, मेलेलीही हलते, त्यानं काय होतं? डॉक्टरांनी पुढचा कागद ओढत म्हटलं, बघा, तुमची मर्जी.

त्या मर्जीनं घात केला. करंट नाही म्हटल्यावर शेख मॅडमकडेही जाणं नाही, व्यायामही नाही. सरांनी आडगावकडचे एक मालिशवाले बाबा आणले. शिवाय स्वतः पहाटे उठून काकूंच्या पायाला तेल चोळत बसायचे. घराला तेलाचा असा वास लागला की त्यांची पुस्तकंसुद्धा तेलकट झाली. प्रेम कमी नव्हतं हो, कमी पडली ती अक्कल. ज्या माणसानं आम्हाला प्रत्येक गोष्टीची शहानिशा करायला शिकवलं, त्यानं एका शब्दाचं कूळ आठवून बायकोचा उपचार ठरवला. अडाणी माणूस अंगारा लावतो. आमच्या सरांनी शब्दाची कुळकथा लावली. एवढी मोठी चूक करायला इंग्रजीचा मास्तरच लागतो. मी एकदा धीर करून म्हटलं, सर, एकदा जाऊन तर बघू. ते म्हणाले, सुमन, तुला तरी कळायला हवं. मला तेव्हा त्यांचा अतिशय राग आला होता, आणि खोटं कशाला बोलू, तो अजूनही पुरता गेलेला नाही. पावसाळा संपला, थंडी पडली, पाय तिथंच.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी आणि गायकवाड सरांच्या घरी बसलो होतो. गायकवाडनं विचारलं, काकूंना दवाखान्यात का नेत नाही. सर त्याला समजावून सांगायला लागले, तेच, कठडा, पितळी आकडा, तंगडी. हात झाडून दाखवायला त्यांनी तो लोंबता सोडला आणि खाटेवरून काकू बोलल्या.

"आवं, ऐका. तुमचा बेडूक मेल्याला व्हता. मी जित्ती हाय."

सरांचा हात तसाच राहिला. काकू भिंतीला टेकून उठून बसल्या होत्या. आवाज चढवला नव्हता. त्या म्हणाल्या, "समद्या शब्दांला इचारता, तुमचं गाव कोणतं. मला इचारलं का एकदा तरी, तुला करंट लावायचा का नाय? बेडूक तर बेडूक. मला उठायचं हाय."

सर उठले. चपला घालून बाहेर पडले. गायकवाड घाबरला, आपण उगाच विषय काढला म्हणाला. तासाभरानं सर परत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, सकाळी नवाला रिक्षा सांगितली आहे.

मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढून बरोबर गेले. शेख मॅडम माझ्याच वयाची बारकीशी मुलगी निघाली. लाकडी खोक्यासारखं यंत्र, दोन तारा, त्यांच्या टोकांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या. तिनं त्या काकूंच्या नडगीला बांधल्या आणि बटण फिरवलं. पंजा टणकन वर आला आणि पडला. काकू "आगं बाई" म्हणाल्या आणि चक्क हसल्या. सरांनी तोंड फिरवलं. त्यांना काय दिसलं असेल ते मला कळलं.

मग शेख मॅडम म्हणाली, "काकू, नुसतं बघत बसायचं नाही. करंट आला की त्याच वेळी तुम्हीपण पंजा वर ओढायचा, पूर्ण जोर लावून. अर्धं काम यंत्राचं, अर्धं तुमचं."

सर एकदम वळले. त्यांनी विचारलं, "आणि ह्यांनी ओढलंच नाही तर?"

"तर काही उपयोग नाही," ती म्हणाली. "नुसता पाय हलतो."

सरांनी एक स्टूल ओढलं आणि काकूंच्या पायाशी बसले. बटण फिरायचं, मॅडम म्हणायची ओढा, काकू दात आवळून ओढायच्या, कपाळावरच्या शिरा फुगायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझं लक्ष सरांकडे गेलं. दर वेळी करंट आला की सरांचाही उजवा पंजा चपलेसकट जमिनीवरून वर उचलला जात होता. त्यांना पत्ताच नव्हता. माझा सगळा राग त्या क्षणापुरता तरी विरघळला.

मग रोज. एक दिवस चुकवला नाही. मॅडमनं हळूहळू करंट कमी केला आणि काकूंचं ओढणं वाढवलं. उन्हाळा लागेपर्यंत काकू काठी घेऊन उभ्या राहिल्या, मग खाटेपासून चुलीपर्यंत, मग दारापर्यंत. पण पंजा पुरता सुटला नाही. पाऊल घासत यायचं. आणि एक दिवस सरांनी, काकूंच्या देखत, मॅडमला विचारलं की आधी आलो असतो तर? ती पट्ट्या पिळत राहिली. सरांनी परत विचारलं. ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात आला असतात तर बराच फरक पडला असता, असं मला वाटतं, सर. पण नक्की कुणीच सांगू शकत नाही." परतताना रिक्षात काकूंनीच पदराच्या गाठीतल्या शेंगा काढल्या आणि सरांच्या हातावर ठेवल्या. ते मुठीत धरून बसले, घर येईपर्यंत खाल्ल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वर्गात सरांनी शब्द लिहिला नाही. फळ्याला पाठ टेकून उभे राहिले आणि घडलेलं सगळं सांगितलं, डॉक्टरांना ऐकवलेल्या बेडकापासून शेख मॅडमच्या उत्तरापर्यंत. आवाज नेहमीचाच, शिकवण्याचा. मग म्हणाले, "शब्द कोणत्या गावचा ते सांगता येतं. पण तो आज कुठं राहतो आणि काय काम करतो, ते त्याच्या जुन्या गावात जाऊन कळत नाही. मी गावातच बसून राहिलो." कुणाला वर बघवेना. गायकवाड डोळे पुसत होता. सरांनी खडू घेतला आणि मग त्या दिवशीचा शब्द लिहिला. कोणता ते मला आठवत नाही.

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही. नव्यानं आलेली मुलं विचारत, तुम्हाला बेडूकसर का म्हणतात, तर सर म्हणत, काकूंना विचारा. काकू आपल्या पद्धतीनं सांगत, आणि त्यांच्या गोष्टीत बेडूक शेवटी उठून पळून जायचा.

संध्याकाळी दोघं फिरायला निघत. काकू पुढं, काठी टेकत, पाऊल घासत. सर अर्धं पाऊल मागं. हात धरायचा नाही अशी काकूंची सक्त ताकीद होती. शेजारणी म्हणत, काकू, किती वेळ लागतो हो तुम्हाला. काकू म्हणत, मला कुठं गाडी पकडायचीय? सरांच्या चालीला सवय नव्हती इतक्या सावकाशीची, मध्येच ते पुढं जात आणि ओशाळून थांबत.

मला पुढे पुण्याला चांगली नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी एका पत्रातल्या शब्दांचे अर्थ विचारले होते, मी सरांच्या थाटात सांगितले. मग लग्न, मुलं, नाशिकला येणं सणासुदीपुरतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मावशीचा निरोप आला की सर गेले, रात्री झोपेतच. मी मिळेल ती एसटी पकडून पोचले तेव्हा विहारात वंदना झाली होती आणि निघायची तयारी होती.

आमच्या वस्तीचं स्मशान नासर्डी नदीच्या काठी. एरवी फार लांब नाही, पण काकूंच्या पायाला लांबच. गायकवाडनं त्यांच्यासाठी रिक्षा आणून उभी केली होती. काकूंनी रिक्षाकडे बघितलंही नाही. काठी घेतली आणि तिरडीच्या मागं चालायला लागल्या. खांदा देणारे सगळे सरांचे विद्यार्थी, सातपूरचे कामगार, तरणे, पायांत जोर असलेले. पहिल्या वळणालाच ते खूप पुढं निघून गेले. गायकवाड धावत मागं आला आणि हात जोडून म्हणाला, काकू, बसा आता रिक्षात, उशीर होतोय, लोक खोळंबलेत.

काकू काठीवर टेकून उभ्या राहिल्या. दम लागला होता. म्हणाल्या, "उशीर त्यांनी केला व्हता माझ्या पायाला. आज त्यांला थांबू दे जरा."

गायकवाडनं पुढं जाऊन सांगितलं. खांदेकरी थांबले. काकू पोचेपर्यंत सरांना खांद्यावर घेऊन ते भर उन्हात उभे राहिले, आणि तिथून पुढं सगळी कॉलनी काकूंच्या पावलानं चालली.